मानाचं पहिलं नाव

संस्कृती : नाही मॅडम, हे मी भरलेलंच नाही. मी पहिल्या नंबरला शहरातलं सायन्स कॉलेज टाकलं होतं. तुमच्यासमोर, ह्याच टेबलावर.

दमयंती : हळू बोल, बाळ. प्रवेशाचं मदत केंद्र आहे हे, मागे रांग आहे, आणि रांगेतल्या प्रत्येकाला वाटतंय की आपलंच घर जळतंय. पिशोरकडची ना तू? मागच्या महिन्यात आली होतीस. दहावीला पंच्याण्णव टक्के.

संस्कृती : पंच्याण्णव पॉइंट साठ.

दमयंती : बरं, साठसुद्धा. आणि हे आजोबा. त्या दिवशीही डोक्याला हाच रुमाल होता.

बद्रीनाथ : व्हय मॅडम. म्याच व्हतो. बद्रीनाथ. राम राम.

दमयंती : राम राम काका, बसा. खुर्ची एकच आहे. ती उभी राहील, तिचे गुडघे नवे आहेत. हं, दाखव काय झालंय ते.

संस्कृती : हे बघा. परवा अकरावीची पहिली यादी लागली. मला मिळालं आमच्या वाडीच्या फाट्यावरचं कॉलेज. आप्पासाहेबांचं. आणि पुढं लिहिलंय, पसंती क्रमांक एक. एक, मॅडम! मी नऊ नावं भरली होती, त्यात हे कुठंच नव्हतं.

दमयंती : थांब, माझ्या कॉम्प्युटरवर उघडू. पासवर्ड टाक, मी खिडकीकडे बघते. पासवर्ड कुणाला दाखवायचा नसतो, हे दिवसातून पन्नास वेळा सांगते मी. मुलं माझ्याच टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवतात.

बद्रीनाथ : मॅडम, पयल्या येष्टीनं निघालो आमी. पोरगी पानी बी पेली नाय. खाली च्याची गाडी हाये, घोट घोट च्या घेऊ, मंग निवांत बघू.

संस्कृती : आबा, चहाचं काय काढलंत? आज सहा वाजता मुदत संपते.

दमयंती : बरोबर बोलते ती. यादी परवा लागली. काल का नाही आलात?

संस्कृती : आबाच म्हणाले, आधी आप्पासाहेबांना भेटू. ते सोडतील म्हणाले.

दमयंती : सोडतील म्हणजे? ते काय गोठ्यातलं जनावर आहे, दावं सोडायला? कॉम्प्युटरनं दिलेली जागा कुठल्याही साहेबाला सोडता येत नाही, काका. बरं, भेटले का?

बद्रीनाथ : बसवून ठुलं. ज्या बाकड्यावर एकतीस साल शिपाई म्हून बसलो, त्याच बाकड्यावर. तव्हा बसायचा पगार तरी मिळायचा.

संस्कृती : चार तास बसलो मॅडम. शेवटी साहेब गाडीत बसताना आबा दारापाशी पळत गेले, तर काचेतनं हात केला त्यांनी. नमस्काराचा. झालं.

दमयंती : उघडलं बघ. सर्व्हर आज कृपाळू आहे. हं... एक नंबर फाट्यावरचं. दोन नंबरला शहरातलं सायन्स. तीन, चार, पाच... हे सगळं तू भरलेल्या क्रमानंच आहे की.

संस्कृती : तेच तर! कोणीतरी वरती एक घुसवलंय.

दमयंती : गंमत आहे. खालच्या एकाही नावाला धक्का लावलेला नाही. ज्यानं हे केलं त्यानं अगदी जपून केलंय. आणि हे बघ, शेवटचा बदल केव्हा झाला ते लिहिलंय. गुरुवार, दुपारी दोन वाजून बारा मिनिटं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी. गुरुवारी तू कुठे होतीस?

संस्कृती : सोयगावला. लीला मावशीच्या पोरीचा साखरपुडा होता. आई, पप्पा, मी, सगळे.

दमयंती : मोबाईल?

संस्कृती : घरीच राहिला, चार्जिंगला. पण घरी आबा होते राखायला. म्हणजे मोबाईलवरून नाही झालं हे. शाळेतून झालं. मॅडम, मला माहितेय कोणी केलं. मोतीराम सर.

दमयंती : हे कोण?

संस्कृती : आमच्या शाळेत कॉम्प्युटर बघतात. गणितही शिकवतात. अख्ख्या वर्गाच्या फॉर्मचा पहिला भाग, नाव-मार्कांचा, त्यांनी शाळेत भरून घेतला. सगळ्यांचे पासवर्ड त्यांच्या वहीत आहेत. शाळा आप्पासाहेबांची, कॉलेज आप्पासाहेबांचं. साहेबांनी सांगितलं असेल, यांनी दाबलं असेल बटन.

बद्रीनाथ : मोतीराम नाय तसा.

संस्कृती : तुम्हाला काय माहीत?

बद्रीनाथ : नाय तसा तो. त्यानंच तुला सांगतलं व्हतं ना, फाट्यावरचं टाकू नको म्हून? मी तिथंच व्हतो. सत्काराच्या दिवशी, नारळ घेऊन उतरत व्हतीस तव्हा.

संस्कृती : तोंडदेखलं बोलले असतील. वरून एक, आतून एक.

दमयंती : सत्कार कसला?

संस्कृती : शाळेत पहिली आले म्हणून. आप्पासाहेबांनी शाल घातली, माईक घेतला, आणि अख्ख्या गावासमोर म्हणाले, पोरी, अर्जात पहिलं नाव आपल्या कॉलेजचं टाक. शोभेपुरतं. एवढ्या मार्कांच्या पोरीनं पहिलं नाव आपलं टाकलं म्हणजे संस्थेचा मान राहतो. पुढं जिथं जायचं तिथं जा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दमयंती : आणि तू?

संस्कृती : मी हसले. मनात म्हटलं, टाकते तुमचं नाव.

दमयंती : शहाणी आहेस. मग ऐक आता. अशा गोष्टीची तक्रार करता येते. शिक्षण उपसंचालकांच्या ऑफिसात द्यायची, मुदत संपायच्या आत. 'माझ्या पासवर्डचा गैरवापर करून माझी पसंती बदलली.' मागे एका मुलाचं असं झालं होतं. चौकशी झाली, शाळेनं कबूल केलं, आणि पुढच्या फेरीत त्याला धरलं. होईलच असं नाही म्हणत मी. पण रस्ता आहे.

संस्कृती : मग लिहा ना, मॅडम.

बद्रीनाथ : जरा थांबा.

संस्कृती : कशाला थांबायचं?

बद्रीनाथ : आगं, सही-शिक्क्याचं काम हाये. इचार करावा मानसानं. दुसरा कायी इलाज बघा ना मॅडम. ही जागा नको म्हनायचं, आन् दोन नंबरची घ्यायची. शेजारीच तर लिव्हलीय.

दमयंती : तसं होत नाही, काका. पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या सगळ्या फेऱ्यांतून नाव बाद. मग थेट शेवटी, सगळ्यांचं जेवण झालं की जे उरेल ते. आणि शहरातल्या सायन्सला उरत काही नाही. मी निवृत्त हेडक्लार्क. निवृत्तीनंतर ह्या टेबलाशी बसते, फुकट, घरी बसून भिंतींशी बोलायला नको म्हणून. थांबलेल्यातलं एकही पोर मला पेढे द्यायला आलेलं नाही.

बद्रीनाथ : शेजारीच लिव्हलंय, तरी बी?

दमयंती : तरीही. चल संस्कृती, सांग. सरांचं पूर्ण नाव काय? कायम आहेत का नोकरीत?

संस्कृती : नाही, तासावर आहेत. जेवढे तास, तेवढे पैसे.

दमयंती : हं. मग पुढचं मी आत्ताच सांगून ठेवते, नंतर म्हणू नकोस. चौकशीचं पत्र शाळेत जाईल. आप्पासाहेब म्हणतील, आम्हाला काय कल्पना, वही सरांच्या हातात होती. आणि सर त्याच संध्याकाळी घरी. कायमचा माणूस असता तर निलंबन, सुनावणी, वर्षं गेली असती. तासावरच्या माणसाला नुसतं सांगतात, उद्या येऊ नका.

संस्कृती : जाऊ दे घरी. माझं काय? माझं कोणी बघितलं?

दमयंती : लिहू नाव?

संस्कृती : लिहा.

बद्रीनाथ : नका लिव्हू.

संस्कृती : आबा!

बद्रीनाथ : मोतीरामचं नाव नका लिव्हू, मॅडम. हे बघा. हे बघा आधी.

(बद्रीनाथ सदऱ्याच्या खिशातून एक छोटी डायरी काढतात, एक पान उघडून टेबलावर ठेवतात.)

दमयंती : हा तर हिचा पासवर्ड आहे. कुणी लिहिलाय?

बद्रीनाथ : म्या. माजं अक्षर हाये.

संस्कृती : तो मीच दिला होता लिहून घ्यायला. हरवला तर असावा म्हणून. मग काय त्याचं?

बद्रीनाथ : गुरवारी जेवलो. भांडं घासून ठुलं. तुजा मोबाईल भरला व्हता. तू शिकवलं व्हतं तसं उघडलं. चष्मा पुसला. पयले कॉलेजचं नाव टाकलं, तर दुसऱ्याच गावाचं आलं. खोडलं. परत एक एक अक्षर शोधून टाकलं. आलं नाव. मंग त्यो बाण असतो ना वर न्यायचा, त्यो दाबत गेलो. नऊदा दाबला. पार वर नेलं. बाकीच्यान्ला धक्का नाय लागू दिला, मॅडम, तुमी म्हनल्या ते खरं हाये.

दमयंती : अहो काका.

बद्रीनाथ : लई येळ लागला. पन जमलं. खोटं नाय सांगत, जमलं तव्हा जिवाला बरं बी वाटलं. पन्नाशीत पाटी हातात घेतलेला मानूस मी.

संस्कृती : तुम्ही.

बद्रीनाथ : मी.

संस्कृती : मी परवापासून रडतेय. काल बाकड्यावर चार तास तुमच्या शेजारी बसले. आज येष्टीत मोतीराम सरांना काय काय बोलले मी. तुम्ही खिडकीतनं बाहेर बघत होता.

बद्रीनाथ : व्हय.

संस्कृती : कामून आबा? कामून केलं?

बद्रीनाथ : अख्ख्या गावात त्यान्नी शब्द टाकला. तू हसलीस. माज्याकडं बघत व्हते ते. मी मान हालवली. आगं, घरात कार्य असलं तर आपुन काय करतो? पयलं ताट वाढतो ते देवापुढं ठिवतो. वरन, भात, पुरन, सगळं वाढतो, पान्याचं बोट फिरवतो. देव काय जेवत नसतो. ते ताट मंग गाईला जातं, आन् मानसं बसत्यात पंगतीला. पयलं ताट मानाचं, दुसरं पोटाचं. मला वाटलं, ही बी तशीच यादी. वर संस्थेचं नाव, मान राह्यला. खाली तुजं कॉलेज, पोट भरलं. मार्क तर तुजे व्हतेच.

दमयंती : अहो, ती पंगत नाही. कॉम्प्युटर पहिल्या ताटालाच हात घालतो.

बद्रीनाथ : मला कोनी सांगतलं नाय.

दमयंती : मी सांगितलं होतं! मागच्या महिन्यात, इथेच, तुमच्यासमोर. फर्स्ट प्रेफरन्स मिळाला तर अ‍ॅडमिशन कंपल्सरी, नाहीतर पुढच्या राउंडला ब्लॉक. शंभर वेळा बोलते मी हे वाक्य.

बद्रीनाथ : व्हय, बोलल्या. असंच बोलल्या. तुमी पोरीकडं बघून बोलल्या मॅडम. माज्याकडं फक्त सहीपुरता कागद सरकवला. मी म्हनलं, असंल कायी त्यान्च्या हापिसातलं.

संस्कृती : मॅडमवर कशाला ढकलता?

दमयंती : नाही, बोलू दे. ढकलत नाहीत ते. त्या दिवशी रांग दारापर्यंत होती. मी रुमाल पाहिला आणि म्हटलं, पोरगी हुशार आहे, तिला कळलं म्हणजे झालं. पण पालक म्हणून सही यांची होती.

संस्कृती : सगळे हुशार पोरीलाच सांगतात, आणि सगळे तिच्या मागून करतात. आबा, तुम्हाला त्या कॉलेजातलं माहीत नाही का? तुम्ही तर तिथलेच. सांगा ना मॅडमला, लॅबमध्ये काय आहे.

बद्रीनाथ : जाऊ दे.

संस्कृती : सांगा.

बद्रीनाथ : साहेबाच्या दुकानातली खताची पोती.

दमयंती : प्रयोगशाळेत?

बद्रीनाथ : अकरा वर्सं किल्ली माज्याकडंच व्हती. तपासनी यायची तव्हा पोती मागच्या खोलीत हालवायचो, टेबलं पुसायचो, बाटल्या मांडायचो. तपासनी गेली का परत पोती. पोरं परीक्षेपुरती येत्यात. अन्ना व्हते तवर तसं नव्हतं. अन्ना म्हंजी आप्पासाहेबाचे वडील. त्यान्नी सोता मला पाटी दिली, मॅडम. म्हनले, बद्री, शाळेचा शिपाई आन् अंगठा लावतो, शोभत नाय. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवायचे. त्या मानसाचं नाव हाये वर, कॉलेजच्या पाटीवर. मी त्या नावाला पयलं ताट वाढलं.

संस्कृती : नाव अण्णांचं आहे. पोती आप्पासाहेबांची आहेत.

बद्रीनाथ : व्हय माय.

संस्कृती : आणि तेवढंच नव्हतं. खरं सांगा. पप्पांचं पण होतं ना?

दमयंती : वडील काय करतात?

संस्कृती : त्याच शाळेत क्लार्क. आठ वर्षं झाली, अजून कायम नाहीत. मान्यतेची फाईल साहेबांच्या टेबलावर.

बद्रीनाथ : शिवराजला यातलं कायी ठाव नाय. त्याला दोष नको देऊ. पन व्हतं ते बी मनात. खोटं कामून बोलू? म्हनलं, एका नावानं दोन कामं व्हतील.

दमयंती : मग ही पासवर्डची तक्रार तर गेली. चोरी झालीच नाही. पालकानंच बदललंय.

संस्कृती : तरी लिहा.

दमयंती : काय?

संस्कृती : तरी लिहा तसंच. मोतीराम सरांचं. ही डायरी आपण तिघांनीच पाहिलीय. आबा काही बोलणार नाहीत. बोलणार का आबा?

(बद्रीनाथ डायरी मिटून खिशात ठेवतात.)

संस्कृती : मघाशी म्हणालात ना तुम्ही मॅडम, रस्ता आहे.

दमयंती : आहे. हा घे कागद, हे पेन. मी नाही लिहिणार. तुझ्या हातानं लिही. मी अडवणारही नाही तुला. फक्त नाव ठळक लिही, म्हणजे ऑफिसातल्या माणसाला वाचता येईल कुणाला काढायचंय ते.

संस्कृती : लिहीन मी. मला कोणाचं काही वाटत नाही आता.

दमयंती : लिही की.

संस्कृती : मोतीराम...

बद्रीनाथ : लिव्ह. तुजं चांगलं व्हत असंल तर लिव्ह. मी सही करतो. मोतीरामचं पाप माज्या डोक्यावर.

संस्कृती : गप बसा आबा! गप बसा जरा.

दमयंती : पाणी घे.

संस्कृती : नको. मॅडम, ते शहरातलं सायन्स कॉलेज मी पहिल्यांदा पाहिलं, ते सरांनीच दाखवलं होतं. आठवीत. सुट्टी टाकून आणलं होतं आम्हाला सात पोरींना. तिथल्या बाईंनी कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. आमच्याच शेतातला कांदा. मी खिशातनं नेला होता, सर म्हणाले होते म्हणून. आत विटांसारखी घरं घरं दिसली. मी जन्मभर कांदे निवडलेत मॅडम, मला कधी वाटलं नव्हतं त्यात असं काही असेल. तेव्हापासून मला तेच कॉलेज पाहिजे होतं. दुसरं काही नाही. शेंद्र्याला गीता आत्याकडं राहायचं, तिथनं बसनं यायचं, सगळं ठरलं होतं.

दमयंती : हं.

संस्कृती : घ्या तुमचं पेन.

दमयंती : ठेव. अजून एक कागद लिहिता येईल. खरा. भर सत्कारात संस्थाचालकानं दबाव आणला, पालकाला नियम माहीत नव्हता, म्हणून पसंती बदलली. त्यात कुणाची नोकरी जाणार नाही.

बद्रीनाथ : शिवराजची जाईल.

दमयंती : ...हो. ते खरंच.

बद्रीनाथ : पन करतो मी सही. लिव्हा मॅडम. आजवर साहेबाच्या कागदावरच सह्या केल्या. एक त्यान्च्या इरुद्ध करतो. या कागदानं जमंल ना पोरीचं?

दमयंती : खरं सांगू? शंभर रुपयांत पाच आणे. आप्पासाहेब म्हणतील, मी शोभेपुरतं म्हणालो, बटन तर तुम्ही दाबलंत. आणि ऑफिस म्हणेल, नियम पहिल्याच पानावर लिहिला होता, वाचता येतं ना तुम्हाला.

बद्रीनाथ : येतं. वाचता येतं, हाच गुन्हा झाला मंग.

संस्कृती : पप्पांचा मेसेज आलाय. वाचते. 'साहेबांनी ऑफिसात बोलावून विचारलं. संस्कृतीचा प्रवेश पक्का झाला का म्हणाले. चांगले बोलले. सहाच्या आत घेऊन टाका. आबांना सांग, फाईल वर सरकली.'

बद्रीनाथ : सरकली?

संस्कृती : सरकली, आबा. एका नावानं दोन कामं.

दमयंती : काय करायचंय तुला? मुलगी तू आहेस. चार वाजत आलेत. आज सोडलंस तर शेवटच्या फेरीपर्यंत घरी. कागद द्यायचा तर आत्ता रिक्षा करून निघावं लागेल.

संस्कृती : एक विचारू मॅडम? शहरातल्या सायन्सला शेवटची जागा कितीला गेली?

दमयंती : बघते. खुल्या गटात... पंच्याण्णव पॉइंट वीस.

संस्कृती : बरोबर. पंच्याण्णव पॉइंट वीस म्हणजे इंद्रजीत. माझ्यापेक्षा दोन मार्क कमी. परवाच त्यानं स्टेटस ठेवलं, कॉलेजच्या गेटपाशी हार घालून.

दमयंती : इंद्रजीत कोण?

संस्कृती : आप्पासाहेबांचा नातू. माझ्याच वर्गात होता.

बद्रीनाथ : त्यानं पयलं नाव कोनतं टाकलं व्हतं?

संस्कृती : पहिलं नाव शहरातलं, आबा. मी विचारलं त्याला. म्हणाला, एकच टाकलं. फाट्यावरचं टाकलंच नाही. आजोबा म्हणाले, तिथं कोण शिकतं?

बद्रीनाथ : कधी कळलं तुला?

संस्कृती : परवाच. तुम्ही त्यांना भेटायला जाणार होता, म्हणून बोलले नाही. म्हटलं, तुमचा मान राहू दे.

दमयंती : काका, देव जेवत नसतो म्हणालात ना तुम्ही?

बद्रीनाथ : जेवला, मॅडम. नातवाला मांडीवर घेऊन जेवला.

दमयंती : पाणी प्या तुम्ही. संस्कृती, काय ते सांग बाळ. मागच्यांनाही सहाच वाजणार आहेत.

संस्कृती : रिक्षा नको. घेते फाट्यावरचं.

दमयंती : नक्की? नंतर रद्द केलंस तरी पुढच्या फेऱ्या बंदच.

संस्कृती : पाच आण्यांसाठी पप्पांची आठ वर्षं कशी घालू? आणि घरी बसले तर महिन्याभरात मला बघायला पाहुणे आणतील. कॉलेजात नाव तरी राहील. मोतीराम सर येतात तिथंही, तासावर. पोती बाजूला करून एक टेबल मांडू म्हणावं.

बद्रीनाथ : मी हालवतो पोती. मला सवय हाये.

संस्कृती : सत्तरीला पोती हलवाल?

बद्रीनाथ : आजवर तपासनीसाठी हालवली. संस्कृती, माज्याकडं बघ की एकदा. दोन शिव्या दे. येष्टीत त्या मोतीरामला दिल्या ना, त्या माज्या व्हत्या. दे मला.

संस्कृती : संपल्या.

दमयंती : हे पान उघडलंय. इथे खाली निळी चौकट दिसतेय ना, 'प्रवेश निश्चित करा'? ती दाबली की झालं. नीट वाच आणि तूच दाब. माझ्या हातानं मी करणार नाही हे.

संस्कृती : मी पण नाही.

दमयंती : मग?

संस्कृती : आबांकडं सरकवा मॅडम. त्यांना येतं. मीच शिकवलंय.